पुसावे की ठेवावे?

विटेनबर्गला जाणारा माणूस एक दार पाहायला जातो. आम्हीही त्यासाठीच गेलो. लेक बर्लिनला नोकरीस आहे. तिथून आगगाडीने पाऊण तासाच्या आत हे एल्ब नदीकाठचे गाव येते. गाव कसले, एक लांबलचक पेठच म्हणा ना! तिच्या एका टोकाला किल्ल्याचे चर्च. पैसे मोजून पापाची शिक्षा माफ करून घेण्याच्या प्रथेविरुद्ध मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपली ९५ कलमे या चर्चच्या दारावर ठोकली, असे आपण शाळेत शिकलो. ती खरोखर ठोकली की नाही, याविषयी विद्वानांत वाद आहे. दार मात्र ते नव्हे, हे नक्की. मूळ दार १७६० साली लढाईत जळाले. आताचे ब्राँझचे आहे, १८५८ साली बसवलेले, आणि त्यावर ती कलमे उठावाच्या अक्षरांत आहेत. तरी त्याच्यासमोर फोटोसाठी रांग होती. आम्हीही उभे राहिलो. ‘अहो, पोट आत घ्या,’ एवढे बजावायला सौ. विसरली नाही.

तिथून पेठेने चालत, ल्यूथरचा चित्रकार मित्र क्रानाख याचे घर पाहत, चौकापर्यंत आलो. चौकामागे गावाचे मोठे चर्च आहे. ल्यूथर प्रवचने द्यायचा तो इथे. आत क्रानाखने रंगवलेली वेदी आहे, ती डोळे भरून पाहिली. बाहेर पडल्यावर लेकीने आम्हाला चर्चला वळसा घालून आग्नेय कोपऱ्यावर नेले. इथे रांग नव्हती.

भिंतीवर दोन पुरुष उंचीपेक्षा थोडे वर एक दगडी शिल्प आहे, तेराव्या शतकातले. एक डुकरीण. तिच्या आचळांना माणसे लागली आहेत. त्यांच्या टोप्यांवरून ते ज्यू आहेत हे त्या काळच्या कुणालाही कळे. आणखी एकजण, त्यांचा धर्मगुरू, तिच्या शेपटाकडे वळून... पुढचे वर्णन दिवाळी अंकात नको. डुक्कर ज्यांना निषिद्ध, त्यांच्यासाठी मुद्दाम निवडलेला हा प्राणी! वरची अक्षरे ईश्वराच्या पवित्र नामाची थट्टा करणारी. ती ल्यूथरच्या मृत्यूनंतर कोरली गेली. पण ल्यूथरही यातून सुटत नाही. १५२३ साली ज्यूंना सौजन्याने वागवा असे लिहिणारा हाच माणूस १५४३ साली त्यांची प्रार्थनामंदिरे जाळा असे लिहितो, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात या शिल्पाचे चवीने वर्णन करतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये ती मंदिरे जर्मनीभर खरोखर जाळली गेली.

‘काढून का नाही टाकत हे मेले?’ सौ. म्हणाली.

लेकीने खाली बोट दाखवले. शिल्पाच्या बरोबर खाली, जमिनीत, ब्राँझची एक फरशी आहे. चार तुकड्यांची, आणि सांध्यांतून खालचे काहीतरी उसळून वर येते आहे, दाबून दाबले जात नाही, अशी तिची घडण. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचा उल्लेख तिच्यावर आहे. ती १९८८ साली बसवली. पुढे एका ज्यू गृहस्थाने शिल्प हटवावे म्हणून दावा लावला. तो कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जून २०२२ रोजी निकाल लागला, की शिल्प हा सर्व ज्यूंचा अपमानच आहे; परंतु ही फरशी आणि शेजारचा माहितीफलक यांमुळे आता ते स्मारक झाले आहे. म्हणून ते राहील.

निकाल मला पटला. मी तसे बोलूनही दाखवले. भिंत धुऊन काढली की भिंतच खोटे बोलू लागते, आपले पूर्वज सज्जन होते असे सांगू लागते. लेक ऐकत होती. मग म्हणाली, ‘बाबा, ते तुमच्यावर नाही ना कोरलेले.’

मी गप्प झालो. अपमानाचे स्मारक झाले, हे ठरवायचे कुणी? अपमान झाला ते म्हणतात, काढा. ज्यांच्या भिंतीवर तो आहे ते म्हणतात, राहू द्या, आम्हाला शिकायचे आहे. शिकवणीची फी मात्र त्या रस्त्याने जाणारा ज्यूच भरतो, दररोज.

आणि तेवढ्यात सौ.ने हळूच विचारले, ‘कोनाड्यातली कपबशी आठवते?’

आमच्या वाड्याच्या मागच्या दाराबाहेर एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली एक कपबशी पालथी असे. लाकडे फोडायला येणाऱ्या गड्याची. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही; पिऊन झाल्यावर तो स्वतः विसळून ती कोनाड्यात ठेवी. लहानपणी हा चहा मी कितीदा ओतला आहे. दिवाळीत त्याला फराळही मिळे, केळीच्या पानावर, पायरीवर बसून. आजी मोठी कनवाळू होती. हे लिहिताना माझा सूर वकिलासारखा होतो, तो मला ऐकू येतो.

वाडा विकायच्या वेळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी ती कपबशी भंगाराच्या पोत्यात टाकली. हायसे वाटले. तो गडी तेव्हा वारला होता, पण त्याची मुले गावातच होती. त्यांना विचारावे असे मनातही आले नाही. विचारले असते तर कदाचित तेही म्हणाले असते, फोडून टाका एकदाची. मग माझे काय चुकले? बहुधा एवढेच, की मी ती त्यांच्यासाठी टाकली नाही. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून टाकली. विटेनबर्गच्या लोकांना मी जे करू नका म्हणत होतो, ते मी पाच मिनिटांत उरकले होते.

‘कुठली कपबशी?’ लेकीने विचारले.

तिला ठाऊकच नव्हती. ती जन्मली तेव्हा चहाला सगळ्यांना सारखेच कप होते, आणि आधी काय होते ते घरात कुणी काढले नाही. मी म्हटले, गाडीत सांगतो. स्टेशनपर्यंत आम्ही बेकरीतल्या पावांविषयी बोलत गेलो. गाडी सुटल्यावर ती माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, ‘हं, बाबा.’