देवचाराची बदली

घोरावाडी स्टेशनाजवळच्या डोंगरात घोरवडेश्वराची लेणी आहेत. कोरली बौद्ध भिक्षूंसाठी. आज आत महादेवाची पिंड आहे आणि महाशिवरात्रीला डोंगर माणसांनी फुलून जातो. या खांदेपालटाचं मावळात कुणाला नवल नाही. त्याहून चिवट दैवतं खाली पाण्याकाठी असतात. ओढ्याच्या नाहीतर विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड ओळीने दिसले की समजावं, साती आसरा. त्यांना खणा-नारळाची ओटी, हिरवा चुडा, हळदकुंकू. आणि पोरीबाळींना ताकीद: टळटळीत दुपारी एकटीने पाण्यावर जायचं नाही, आसरा धरतील.

या आसरा इंग्रजीत न्यायच्या म्हणजे पंचाईत. फेअरी म्हणावं तर तिला पंख फुटतात, निम्फ म्हणावं तर ती ग्रीक होऊन बसते. पोर्तुगीज माणसाला मात्र फार समजावावं लागणार नाही. त्याच्याकडे ‘मोउरा एंकांतादा’ आहे: झऱ्याकाठी, जुन्या दगडांपाशी सोन्याच्या फणीने केस विंचरणारी मंतरलेली मूर मुलगी. मुरांचं राज्य गेलं, त्यांच्या पोरी पाण्याकाठी राहिल्या. जिंकणाऱ्यांच्या गोष्टींत हरलेले असेच उरतात, निम्मे मोहक आणि निम्मे भीतिदायक.

मूळचे गोव्याचे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहून मावळचा मुलूख पायी हिंडले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त त्यांनी मावळ या नावाचा संबंध मावळाया या जलमातांशी जोडला. या देवतांना त्यांनी इंग्रजीत सरळ ‘मदर गॉडेस’ म्हटलं. शब्द जरा पुस्तकी आहे, पण त्यात एक सभ्यता आहे. समोरचं दैवत चांगलं की वाईट, हा निवाडा तो करत नाही.

गोव्यात चार शतकांपूर्वी तो निवाडा करावाच लागला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, पोर्तुगिजांच्या राज्यात राहिला आणि त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते रोमन लिपीत छापून निघालं. स्वर्गासाठी वैकुंठ त्याने बिनदिक्कत घेतलं. सैतानासाठी, पोर्तुगीज ‘दियाबो’साठी, शब्द निवडला देवचार.

आता देवचार कोण? गोव्यातल्या हिंदू घरात विचाराल तर तो गावाचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, पायात वाहाणा. रात्री शिवेवरून फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला रोट, केळी, विडी, कुठे दारूही. शेजारच्या ख्रिस्ती घरात तोच शब्द प्रार्थनेत येतो आणि त्याच्यापासून सोडव म्हणून देवाला साकडं घातलं जातं. एकाच वाड्यावर एकाच नावाचा इसम एका भिंतीच्या अलीकडे पहारेकरी आणि पलीकडे गुन्हेगार. देवचाराची ही बदली कुणी त्याला विचारून केली नाही. स्टीफन्सला दोष देण्यात अर्थ नाही. भाषांतर करणाऱ्याला हाताशी असलेलाच शब्द उचलावा लागतो. पण ज्या धर्मात अदृश्य जग देवाच्या आणि सैतानाच्या छावणीत विभागलेलं आहे, तिथे विडी ओढणाऱ्या राखणदाराला तिसरी जागा नव्हती.

इंग्रजांनी तर दुसऱ्यांच्या देवांसाठीचे काही शब्दच पोर्तुगिजांकडून उचलले. ‘फेटिश’ हा पोर्तुगीज ‘फेइतिसो’, म्हणजे करणी-तोडगा, फ्रेंचमार्गे आलेला. चिनी मूर्तीला इंग्रज ‘जॉस’ म्हणत, तो मुळात पोर्तुगीज देव, ‘देउस’. नाव देणं आणि नावं ठेवणं यांतला फरक मराठीला कळतो. दर्यावर्दींनी दोन्ही कामं एका फेरीत उरकली.

म्हणून आपला शब्दसंग्रह निर्मळ ठरतो असं मात्र नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा १९०९ साली खून झाला. शाळामास्तरांकडून मागवलेली त्यांची लोकसमजुतींची टिपणं पुढे इंग्रज अधिकारी एन्थोव्हेन यांनी छापली. कोकणच्या भागातली भुतांची यादी गावच्या खानेसुमारीसारखी वाचता येते. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा, लग्न होऊन मेलेला शूद्र देवचार, मुसलमान मेला तर खवीस. इंग्रजी ‘घोस्ट’ला जात नाही, लग्नही नाही. आपल्याकडे माणूस मेला तरी रकाना सुटत नाही. आणि गोव्याचा तो राखणदार या यादीत नुसता शूद्राचं भूत आहे, म्हणजे त्याची पहिली बदली आपणच केली होती की काय, अशी शंका येते.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा शब्द अळवंतीण. बाळंतपणात दगावलेली बाई. सुईण मिळाली नाही, रक्त थांबलं नाही, पोर आडवं आलं. जाब कुणालाच विचारला गेला नाही. उलट तिचीच भीती घातली गेली, ती परत येऊन बाळंतिणींना धरते म्हणून. या भुतांच्या नावांचं लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून कौतुक होतं तेव्हा हे आठवतं. पोर्तुगीज ‘फांताज्मा’ किंवा इंग्रजी ‘घोस्ट’ इतका तपशील देत नाहीत, पण मेलेल्या बाईवर आरोपही ठेवत नाहीत.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं. भूत म्हणजे काय, ते असतं की नसतं, याच्या व्याख्येत कायदा शिरतच नाही. तो फक्त दोराने बांधलेल्या जिवंत माणसाकडे पाहतो, आणि त्या दोराला व धुरीला कुठल्याही भाषेत नेताना शब्द अडत नाही.