दुसरी सही

बँकेत साध्या व्हाउचरलाही दोन सह्या लागतात, एक लिहिणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. कायद्यांचंही तसंच. दिल्लीत तपासायला राज्यसभा, मुंबईत विधान परिषद. मात्र पैशाचं विधेयक या दोघींनी फार तर 14 दिवस ठेवून घ्यायचं. मग ते आपोआप पास! आमच्याकडे असं झालं तर ऑडिटर जागेवर आडवा होईल.

परिषदेसाठी अमरावती पदवीधर मतदारसंघात मला मत आहे, कारण मी बी. कॉम. आहे. (थर्ड क्लास. पण घटना क्लास विचारत नाही.) आमच्या यवतमाळच्या टपरीवरच्या चहावाल्याला नाही, आणि त्याचा तोंडी हिशेब कधी चुकत नाही. हा कुठला न्याय? काढा मोडीत ती परिषद, असं मीही म्हटलं असतं.

पण रोजगार हमी योजना आड येते. 1972 च्या दुष्काळात मुख्यमंत्री आपल्या पुसदचे वसंतराव नाईक; आणि योजनेचे जनक वि. स. पागे, परिषदेचे सभापती! त्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत पदवीधर कितीसे असणार?

हे चहावाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "पागेसायेब चांगलेच होते ना भाऊ. पण माह्यं मत कुठं हाय?"

मी खिशात सुट्टे पैसे शोधू लागलो.