शांततेचा खर्च

‘जाऊ दे, उगाच वाद नको’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे मराठी घर सापडणे कठीण. हे वाक्य बहुधा शहाण्या माणसाच्या तोंडी असते आणि त्याचा हेतूही चांगला असतो. दिवाळीसारखा सण तोंडावर आलेला असावा, माहेरवाशिणी यायच्या असाव्यात, आणि नेमके त्याच वेळी जावाजावांत काही तरी खटकावे. मग घरातले वडीलधारे मध्ये पडतात, घर पुन्हा हसूखेळू लागते आणि फराळाची ताटे भरली जातात. या वाक्याने असंख्य संसार सावरले आहेत, यात शंका नाही. परंतु त्यातली एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘जाऊ दे’ हे ज्याला सांगितले जाते, तो माणूस बहुतेक वेळा ठरलेला असतो. थोरलीने बोलावे आणि धाकटीने जाऊ द्यावे. भावांनी शेत वाटून घ्यावे आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी. शांतता साऱ्या घराला मिळते. तिचे दाम मात्र एकाच्याच पदरातून मोजले जातात.

शांतता हवी की न्याय, असा प्रश्न आपण नेहमी घालतो. मला तो तितकासा नेमका वाटत नाही. शांतता कोणाला नको असते? खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शांततेचा खर्च कोणी करायचा, आणि तो कोणी करायचा हे कोणी ठरवायचे? घरात हा प्रश्न लहान दिसतो. गावात आणि प्रदेशात तो केवढा होतो, हे आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी जवळजवळ सोळा वर्षे पाहिले आहे.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या मागास मुलखात गावकुसाबाहेरची मुले कॉलेजात जाऊ लागली, ती पुष्कळशी या वाटेने. त्या मुलांनी आणि त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या पुरोगामी तरुणांनी पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे अशी मागणी केली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव संमत केला. आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्याला तर त्याची विशेष झळ लागली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले; सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. पोचीराम मातंग समाजाचे होते. बाबासाहेबांचे नाव ही एकाच जातीची हौस आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांच्या मरणाने परस्पर उत्तर दिले. ज्यांची घरे जळाली त्यांत दुसऱ्याच्या शेतात राबणारी कितीतरी माणसे होती. विद्यापीठाची पायरी त्यांनी पाहिलेलीही नव्हती. मेलेली गुरे ओढणार नाही, रोटी मागत फिरणार नाही, असे त्यांनी किंवा त्यांच्या बापांनी पूर्वीच ठणकावलेले असे. माझ्या मते राग त्याचा होता. ठराव हे निमित्त झाले.

सरकारने ठरावाची अंमलबजावणी स्थगित केली. कारण दिले शांततेचे. या कारणाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य होणार नाही. क्षणभर त्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहा. ठराव रेटावा, तर मंत्रालयात बसलेल्याचे काही जळत नाही; जळते ते बिलोली किंवा मुखेडकडच्या एखाद्या वस्तीतले छप्पर. दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीवर आपले तत्त्व शेकणे हा काही फार मोठा पराक्रम नव्हे. मग थोडे थांबावे, माथी थंड होऊ द्यावीत, असे एखाद्या भल्या माणसालाही वाटले तर त्यात नवल काय?

विरोधकही सगळे एका मापाचे नव्हते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातले अग्रणी गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांचा नामांतराला विरोध होता. ही माणसे आग लावणारी नव्हती. ‘मराठवाडा’ हे नाव म्हणजे त्यांच्या लेखी एका दबलेल्या प्रदेशाची ओळख होती. ती पुसली जाईल, हे त्यांचे दुःख होते. ते दुःख खोटे नव्हते. परंतु एखादे दुःख खरे असणे निराळे आणि त्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल होत असताना ते कवटाळून बसणे निराळे. प्रदेशाच्या अस्मितेला ओरखडा निघेल ही भीती एका पारड्यात, आणि जळलेले घर दुसऱ्या पारड्यात. ही दोन पारडी समान आहेत असे मला काही केल्या म्हणवत नाही.

मग थांबणे सर्वथा चूकच काय? तसेही नाही, आणि याचा दाखला खुद्द बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला. उलट वार करायला उत्सुक असलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी हजारो माणसे महाडला जमली, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आलेला होता. परिषदेत त्यावर खल झाला. अनेकांचे मन घेत नव्हते. तरीही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सत्याग्रह तहकूब करण्याचे त्या माणसांनी स्वतः ठरविले आणि तळ्याकाठी नुसती मिरवणूक नेऊन ती परतली. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. म्हणजे दहा वर्षे तहान धरली.

१९२७ चे थांबणे आणि १९७८ चे थांबणे वरवर सारखेच दिसते. दोन्हीकडे हक्क लांबणीवर पडला, दोन्हीकडे शांततेचे नाव घेतले गेले. तथापि महाडला ज्यांची तहान होती त्यांनीच ती आणखी काही काळ सोसायचे ठरविले. नामांतराच्या वेळी तहानलेल्याच्या वतीने पोट भरलेल्यांनी ठरविले. पहिल्याला संयम म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणावे, यासाठी मराठीत गोड शब्द नाही.

आणि सोसणाऱ्यांना विचारलेच असते, तर उत्तर मिळाले नसते असेही नाही. ते उत्तर देतच होते. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. पण मला याहूनही मोलाचे वाटते ते खेड्यांतले उत्तर, ज्याची बातमी होत नाही. जळलेल्या जागी पुन्हा कूड घालणे, पोराला पुन्हा त्याच शाळेत धाडणे, आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत ‘जय भीम’ म्हणणे. ज्या गावात हे केले त्याच गावात रात्री निजायचे असते, त्याच गावच्या दुकानातून मीठमिरची आणायची असते. सभा गाजविण्यापेक्षा हे धैर्य मला अवघड वाटते.

स्थगितीने आणखी एक वाईट गोष्ट केली. काडी ओढली की ठराव अडतो, हे तिने आग लावणाऱ्यांना शिकविले. आणि अर्जविनंत्या, मोर्चे, सत्याग्रह करूनही काही हलत नाही, हे दुसऱ्या बाजूच्या तरुणांना शिकविले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे या कार्यकर्त्याने नामांतरासाठी आत्मदहन केले. अशा मार्गाचा गौरव मी करणार नाही. कोणत्याही चळवळीला आपल्या मुलांचे प्राण हवे असू नयेत. पण शांततेसाठी म्हणून पंधरा वर्षे जे लांबविले त्याच्या हिशेबात हा जीवही धरावा लागतो.

१४ जानेवारी १९९४ रोजी, मकर संक्रांतीला, विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. नामांतर म्हणावे तर जुने नाव राहिले, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. काहींना ती माघार वाटली, काहींना शरणागती. मला वाटते, तडजोड कशी असावी याचा तो बरा नमुना आहे. कारण दोघांनीही काही सोडले. एकाने पूर्ण नामांतराचा आग्रह सोडला, दुसऱ्याने एकट्या नावाचा हट्ट सोडला. दुःख एवढेच, की ही तडजोड १९७८ सालीही सुचण्याजोगी होती. मधला सगळा खर्च एकाच बाजूच्या खात्यावर पडला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जे नाव पुसले जाईल म्हणून एवढे वादळ उठले, ते ‘मराठवाडा’ हे नाव आज एकाहून अधिक विद्यापीठांच्या पाटीवर आहे.

येथे कोणी म्हणेल, मग माणसाने दर वेळी भांडतच बसावे काय? क्षमा नावाची काही वस्तू आहे की नाही? आहे, आणि तिच्याइतके सुंदर माणसाजवळ फारसे काही नाही. परंतु क्षमा हे दान आहे. ज्याच्याजवळ ते आहे त्याने स्वखुशीने दिले तर ते दान. चावडीवर बसून त्याच्याकडून वसूल केले, तर तो कर झाला. कर भरणाऱ्याच्या गप्प बसण्याला क्षमाशीलता म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे.

हे सारे इतिहासजमा झाले, असेही समजू नये. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, क्षुल्लक मारामारीचे तंटे गावातच मिटावेत आणि गावाला बक्षीस मिळावे, ही कल्पना चांगलीच होती. पण बक्षीस शांततेला असले, की तक्रार करणारा गावाचा वैरी ठरण्याचा धोका असतो. १९८९ साली केंद्राने अत्याचार प्रतिबंधक कायदा केला; त्याखाली फिर्याद देऊ पाहणाऱ्या एखाद्या शेतमजुराला ‘गावाचे नाव जाईल, जाऊ दे’ असे सांगायला दहा शहाणी माणसे पुढे येतात. अशा वेळी मध्यस्थाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. या समेटात कोणी काय सोडले? ज्याने सोडले त्याने ते आपल्या तोंडाने, कोणाच्या धाकाशिवाय सांगितले काय? आणि ‘थोडे थांब’ असे म्हटले असेल, तर किती दिवस ते सांगितले काय? या तिन्हींची उत्तरे देता आली तर तो समेट टिकेल. नाही देता आली, तर निखाऱ्यावर राख पसरली एवढेच समजावे.

आमच्या नांदेडला गोदाकाठी सचखंड गुरुद्वारा आहे. तेथील लंगरमध्ये कोणीही जावे. जात, धर्म, ऐपत कोणी विचारीत नाही. सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात. शेकडो माणसे जेवत असतात आणि तरी गडबड नसते. त्या शांततेलाही खर्च आहेच. मोटारीतून आलेल्या धनिकाला तेथे गुडघे मोडून सतरंजीवर बसावे लागते. जो रोजच जमिनीवर जेवतो त्याला मात्र काहीच सोडावे लागत नाही. ज्याला परवडते त्याने थोडे खाली यावे, एवढीच तेथली रीत आहे. या दिवाळीत आपल्या घरात किंवा गावात कोणाला ‘जाऊ दे’ म्हणण्याची पाळी आली, तर ते आधी कोणाला म्हणायचे, हे त्या पंगतीकडे पाहून ठरवावे.