मंथरेचा डोळा

रामानंद सागरांच्या ‘रामायणा’तली मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली की बीडकडच्या बायका टीव्हीसमोर बसून बोटं मोडायच्या. कुबड मेकअपचं आहे हे पोरांनाही कळत होतं. राग होता तो डाव्या डोळ्यावर. “मेलीच्या डोळ्यातच इख हाय,” असं आमच्याकडं सरळ बोलायचे.

तो डोळा मात्र मेकअपचा नव्हता. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना, म्हणजे पुढं मंथरा झालेल्या नटीला, थोबाडीत मारायची होती, हात नको तितका जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा अधू झाला. तीन वर्षं उपचारात गेली. येवल्यात जन्मलेली, मूळची अंबा नावाची ही नायिका पडद्यावर परतली ती खाष्ट सासवा करायला. (अंबा! अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या मुलखात हे नाव कुणी मंथरेला दिलं नसतं.) पंचेचाळीस वर्षांनी, १९८७ मध्ये, कामावर झालेली ती इजा घरोघरी दुष्टपणाची खूण म्हणून पाहिली गेली.

दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. वाल्मीकींची मंथराही कुब्जाच. अयोध्याकांडात खूश झालेली कैकेयी तिच्या कुबडाचंच कौतुक करते: तुझी बुद्धी, राजकारण आणि माया तिथंच साठलेली आहे म्हणते. शरीराच्या वाकण्यात मनाचा वाकडेपणा शोधायची खोड इतकी जुनी आहे. जात्यावरच्या ओव्यांनी तरी निराळी वाट धरली. तिथली कैकेयी सीतेला छळणारी सासू, म्हणजे दळणारणीच्या रोजच्या ओळखीची बाई. तिला वाईट ठरवायला व्यंग लागत नाही.

पडद्यामागच्या इतर गोष्टी गमतीच्या आहेत. दशरथ आणि कौसल्या, म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर, खरेच नवरा-बायको. अयोध्या आणि लंका दोन्ही महाराष्ट्राच्या वेशीला लागून असलेल्या गुजरातेतल्या उमरगावला. हे कळून कुणाची भक्ती उणावली नसती. भारुडात मिशीवाला गडी लुगडं नेसून उभा राहतो, गावाला तो कोणाचा कोण ते ठाऊक असतं, तरी डोळे पुसले जातात. सोंग हे सोंग आहे हे माहीत असण्याची आपल्याला सवय आहे. सोंगात खरं काय शिरलंय, ते मात्र दिसत नाही.

मालिका २५ जानेवारीला सुरू झाली, ऐन ऊसगाळपाच्या हंगामात. जिल्ह्यातली कितीतरी माणसं तेव्हा कोयता घेऊन पश्चिमेकडच्या फडात होती. बालकांड त्यांचं हुकलंच. हंगाम संपून पट्टा पडल्यावर गाड्या गावाकडं वळल्या. मग ज्या घरी टीव्ही त्या घरी रविवारी सकाळी दाटी व्हायची. त्या दाटीत मागं बसलेल्या बायकांच्या हातांवर पाचटाचे चरे असत, एखादीचं बोट कोयत्यानं आखूड झालेलं असे. त्याच हातांनी त्या मंथरेच्या नावानं बोटं मोडत होत्या.