क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

मध्य अमेरिकेंत एल साल्वादोर नांवाचा एक लहानसा देश आहे. तेथें कॉफीची उत्तम जमीन थोड्या घराण्यांच्या हातीं होती, आणि तिच्यांत राबणारे बहुतेक लोक भूमिहीन होते. ह्या विषमतेंतून पेटलेलें सरकारी सैन्य व बंडखोर यांचें यादवी युद्ध १९८० पासून १९९२ पर्यंत चाललें, व त्यांत सुमारें ७५,००० माणसें प्राणांस मुकलीं. देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळण्यास सैनिक बांधलेला नाहीं, असें आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनीं ता. २३ मार्च १९८० रोजीं उपदेशांत सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं मिस्सा चालू असतां त्यांस गोळी घालण्यांत आली.

डिसेंबर १९८१ मध्यें सैन्याच्या एका पलटणीनें एल मोसोते ह्या खेड्यांत व आसपासच्या वस्त्यांत शेंकडों निःशस्त्र लोक मारिले. त्या खेड्यांत प्रॉटेस्टंट कुटुंबें पुष्कळ होतीं. रुफिना अमाया नांवाची बाई लपून वांचली. तिचा पति व मुलें मारलीं गेलीं. तिनें साक्ष दिली, पण सरकारनें ती खोटी ठरविली. पुढें १९९२ सालीं देवळाजवळच्या एका पडक्या घराची जमीन उकरली, तेव्हां निदान १४३ जणांच्या अस्थि सांपडल्या. त्यांत १३१ बारा वर्षांखालील मुलें होतीं.

जानेवारी १९९२ मध्यें तह झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधक मंडळानें ता. १५ मार्च १९९३ रोजीं आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि पांचच दिवसांनीं तेथील विधिमंडळानें कायदा करून युद्धांतील अपराध्यांस सरसकट माफी दिली. एल मोसोतेचा खटलाही त्यामुळें बंद पडला.

येथें प्रश्न उद्भवतो, तो असा : जिचीं मुलें मेलीं तिला न विचारितां दुसऱ्या कोणास क्षमा करितां येईल काय?

कोणी म्हणतील, जुन्या जखमा उकरल्या तर पुन्हा शस्त्रें उपसलीं जातील; शांतता राखणें हेंही पुण्यच होय. हें म्हणणें क्षुल्लक नाहीं. लढाईनें थकलेल्या देशास कांहीं शिक्षा सोडून देणें भाग पडत असेल, असें आम्हीही मानितों. परंतु शिक्षा सोडणें निराळें व क्षमा करणें निराळें. शिक्षा राज्य देतें, म्हणून राज्यास ती सोडितां येते. क्षमा ही ज्याचें नुकसान झालें त्याची ठेव आहे. ती दुसऱ्यानें उचलून वांटली, तर ती उदारता नव्हे. शिवाय जें घडलेंच नाहीं असें म्हणतात, त्याची क्षमा तरी कशी व्हावी? आधीं सत्य कबूल झालें पाहिजे.

ह्या प्रकरणांत राज्याचें खरें काम कोणतें, तें पुढें दिसून आलें. जानेवारी २०१२ मध्यें राष्ट्राध्यक्ष मावरिसियो फुनेस यांनीं एल मोसोते येथें जाऊन राज्याच्या वतीनें क्षमा मागितली. रुफिनाबाई २००७ सालींच वारल्या होत्या. ते शब्द त्यांच्या कानीं पडले नाहींत. जुलै २०१६ मध्यें तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो माफीचा कायदा रद्द केला, व त्यानंतर बंद झालेला खटला पुन्हा उघडण्यांत आला.

वाचकहो, तंटा मिटविण्यास बसलेले पंचही पुष्कळदां दुखावलेल्यासच प्रथम म्हणतात, "झालें गेलें विसरून जा." त्यांनीं आधीं अपराध्याकडे वळावें, व काय घडलें तें त्याच्या तोंडून वदवावें. मग क्षमा करावयाची कीं नाहीं, हें दुखावलेल्याच्या मनावर सोडावें.