पेन्शन: दान की देणे?

मिस्सा संपल्यावर आवारात पेन्शनवाढीच्या अर्जावर सह्या घेतल्या जातात, तेव्हा एखादे आजोबा मागे सरतात. "या वयात सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" आपणही गप्प बसतो. मनातून आपल्यालाही ती भीकच वाटत असते.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी नोकराचे पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेचा मोबदला आहे. कारखान्यातल्या कामगाराचे तरी वेगळे काय? १९९५ च्या ईपीएस योजनेत मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम दरमहा पेन्शन फंडात जाते. कष्टाचेच पैसे, मागे ठेवलेले. तरी २०१४ साली ठरलेले किमान पेन्शन, हजार रुपये, पुढची दहा वर्षे तेवढेच राहिले. औषधांचे भाव मात्र थांबले नाहीत.

पण जिने जन्मभर मासळी विकली, तिचे काय? तिचा फंड कुणी कापला नाही. इथे आम्हीही अडखळतो. वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालील गरिबाला केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता, २०२४ सालीही २००च. राज्य भर घालते, हे खरे. पण तिच्या टोपलीवर गाव जेवले, तिने बाजारपट्टी भरली. तिचे कुणीच काही लागत नाही? 'देवाला वाहिले' असे सांगून आईवडिलांचे पोषण टाळणाऱ्यांना येशूने खडसावले होते. आपण 'तिजोरीत पैसा नाही' म्हणतो.

अर्ज पुढच्या रविवारीही मेजावर असेल. आजोबांना कुणीतरी खुर्ची द्या, आणि वाचायला चष्मा.