जुन्या गाडीचा नवा धनी

पैसे मोजले, कागदावर सही झाली, किल्ली हातीं आली, म्हणजे वस्तु आपली झाली असें व्यवहार मानतो. धान्य, कापड, कागद यांच्या बाबतींत असें मानण्यास हरकतहि नाहीं. कारण त्या वस्तु वापरून संपतात आणि त्यांच्यावरची आपली सत्ताहि त्यांच्याबरोबरच संपते. परंतु आपल्या आधीं दोन-तीन हातांतून गेलेली आणि नीट राखल्यास आपल्यामागेंहि टिकणारी एखादी वस्तु घरीं येते, तेव्हां प्रश्न थोडा अवघड होतो. तिचें काय करावयाचें हें सर्वस्वी आपल्या लहरीवर आहे, कीं ती आपल्याबरोबर कांहीं कर्तव्येंहि घेऊन येते? देवळें, ग्रंथ आणि वाडे यांच्याविषयीं हा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. आम्ही तो येथें एका हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूविषयीं, म्हणजे जुन्या मोटारगाडीविषयीं, विचारणार आहों.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट कंपनीची ‘११०० डिलाइट’ ही गाडी बाहेर पडूं लागली. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें आणि शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअरचा दांडा, चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक, असा तिचा साधा संसार. महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनीं लग्नाची वऱ्हाडें, गणपतीची मूर्ति आणि बाळंतिणी या गाडीतून नेल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती शहराच्या चेहऱ्याचाच एक भाग झाली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती त्या कामांतून निवृत्त झाली. आणि नेमकी दृष्टीआड झाल्यावर ती हवीशी वाटूं लागली, हा मनुष्यस्वभाव नवा नाहीं. आतां कोणी मामांच्या अंगणांत पडलेली, कोणी वर्तमानपत्रांतील जाहिरात पाहून, अशी एखादी पद्मिनी घरीं आणतो.

आणल्यावर तो पहिल्यानें काय करतो? आमचें निरीक्षण असें कीं, तो रंग देतो. डेंटिंगवाला पत्रा ठोकून सरळ करतो, गंजानें पडलेल्या भोंकांत लांबी भरतो, वर तकतकीत रंग चढतो. बंपरला नवा मुलामा, आसनांना नवीं कव्हरें. आठ दिवसांनीं गाडी दारांत अशी उभी राहते कीं, शेजाऱ्यांनीं थांबून पाहावें. ब्रेकच्या नळ्या मात्र तशाच असतात.

येथें नीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. आमच्या मतें तो येथेंच सुरू होतो. ब्रेकच्या नळ्यांतून जें तेल फिरतें त्याचा एक गुण असा कीं, तें हवेंतील ओलावा सतत शोषीत असतें. सर्वसाधारण वापरांतील ‘डॉट-३’ प्रतीचें तेल ताजें असतां २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, असें प्रमाण आहे. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी त्यांत मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरतांना वारंवार ब्रेक दाबला कीं ड्रम तापतात, तें पाणी उकळून वाफ होतें, आणि द्रव जसा दाबला जात नाहीं तशी वाफ नसते. ती दाबली जाते. पायाखालचें पॅडल थेट तळाला जातें व गाडी आपल्या मार्गानें चालूं लागते. शिवाय त्याच पाण्यानें चाकांच्या सिलिंडरांना आंतून गंज धरतो आणि रबरी वायसर झिजतात. यांतील एकहि गोष्ट बाहेरून दिसत नाहीं. रंग आपल्या डोळ्यांसाठीं व शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं असतो. ब्रेक हा रस्ता ओलांडणाऱ्या त्या अपरिचित मनुष्यासाठीं असतो, ज्याला आपली गाडी किती सालची आहे हें ठाऊक नाहीं आणि तिच्याविषयीं कौतुकहि नाहीं. खर्च करतांना या दोघांपैकीं कोणाचा विचार आधीं केला, यावरून धनी कसा आहे तें कळतें.

दुरुस्तीचा क्रम म्हणून आम्हांस केवळ मिस्त्रीच्या सोयीचा वाटत नाहीं. प्रथम गाडी थांबली पाहिजे, मग ती वळली पाहिजे, आणि त्यानंतर ती चालली पाहिजे. सुंदर दिसण्याची पाळी याच्याहि नंतर. थांबण्यासाठीं ब्रेकचें तेल, मास्टर सिलिंडर, रबरी होज आणि लायनर. वळण्यासाठीं सुकाणूचे सांधे, त्यांतील ग्रीस आणि टायर. टायरच्या बाबतींत तर पुष्कळ सुज्ञ माणसेंहि फसतात. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी ठसठशीत असते, परंतु रबर वयानें कडक होऊन त्याला भेगा गेलेल्या असतात. २००० सालानंतरच्या टायरच्या कडेवर जे चार आंकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन वर्षांतला आठवडा व पुढचे दोन साल सांगतात. ते वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. जुन्या तारांचें वेष्टण सुटून झालेला स्पर्श आणि पेट्रोलची गळकी नळी यांची गांठ पडली तर काय होतें तें सांगावयास नको. त्यांत २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. तें जुन्या जातीच्या रबराला मानवत नाहीं आणि पाणीहि ओढून घेतें. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या व कार्ब्युरेटरमधील वायसर नव्या जातीचे घालणें हें आज हौशीचें काम राहिलेलें नाहीं.

इंजिनाविषयीं फार लिहीत नाहीं. तें बिचारें पुष्कळ सहन करतें. दीर्घकाळ बंद असलेलें इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवूं नये, प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, हातानें फिरवून पाहावें, ऑइल व पाणी बदलावें, पॉइंटमधील अंतर तपासावें, एवढें केलें तरी बहुधा तें बोलूं लागतें. आणि तें बोलूं लागलें कीं धन्याचा धीर सुटतो व ब्रेक राहून जातात, म्हणूनच त्याला आम्हीं मागें ठेविलें.

पण इतकें सारें बदलल्यावर गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न नवा नाहीं. ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत आहे. राजा रथांतून आला होता. नागसेनानें त्याला विचारलें कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागलें. रथ हें या सर्वांच्या मेळाला दिलेलें नांव होय, इतकेंच उरलें. प्लुटार्कनें अथेन्सच्या लोकांची हकीकत दिली आहे. त्यांनीं थीसियसचें जहाज कुजलेली फळी काढून नवी बसवीत पिढ्यानपिढ्या राखलें, आणि तें तेंच जहाज कीं दुसरें यावर तत्त्वज्ञ भांडत बसले. सतराव्या शतकांत हॉब्जनें यांत आणखी एक खोडी काढली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचें दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? हॉब्जची ही कल्पना ज्यांना निव्वळ पंडिती वाटते, त्यांनीं पुण्याच्या नाना पेठेंत किंवा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत एक फेरी मारावी.

आमच्या सरकारलाहि या वादांत उतरावें लागलें. २०२१ च्या जुलैमध्यें निघालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊं शकते. पण ती मूळ स्वरूपांत राखलेली पाहिजे आणि सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे नागसेनाला जें रथांत कोठेंच सांपडलें नाहीं, तें कायद्यानें तीन ठिकाणीं निश्चित करून टाकलें! व्यवहाराला कोठेंतरी रेघ ओढावीच लागते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आम्ही ती थोडी निराळी ओढूं. जो भाग झिजण्यासाठींच केला आहे, उदाहरणार्थ लायनर, पट्टा, टायर, नळी, त्याच्या ‘मूळपणा’चा अभिमान धरणें म्हणजे दिव्यांतील तेल जुनें आहे म्हणून तें न बदलणें होय. याच्या उलट, दाराच्या आंतील बाजूस कोण्या आजोबांच्या अंगठीनें पडलेला ओरखडा, सुकाणूचा हातांनीं गुळगुळीत झालेला कडा, यांना कोणाच्याहि जिवाशीं वैर नाहीं. ते पुसण्याची घाई कशाला? इमारतींच्या जतनासंबंधीं १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेंत एक मार्मिक मर्यादा घातली आहे: जेथें तर्काला आरंभ होतो तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे. कारखान्यांत कधीं लागलाच नव्हता असा रंग आणि कधीं नव्हती अशी चकाकी लावून ‘मूळ’ म्हणून मिरविणाऱ्यांनीं ती वाचण्यासारखी आहे.

एक आक्षेप मात्र आम्हांस जड वाटतो. जुन्या इंजिनाच्या धुराड्यांत धूर शुद्ध करणारें उपकरण नसतें. आमच्या छंदाचा धूर दुसऱ्याच्या फुप्फुसांत जातो. ‘गाडी महिन्यांतून एकदांच निघते’ हें उत्तर अपुरें आहे, परंतु अगदीं पोकळ नाहीं. वरील नियमांनींच अशा गाडीला रोजच्या वापराची मनाई केली असून मेळावे, प्रदर्शनें, पेट्रोल भरणें, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावी असें ठरविलें आहे. कार्ब्युरेटर नीट लावणें आणि तेल जाळणारें इंजिन वेळीं उघडणें एवढें तर धन्याच्या हातीं आहे. तेवढेंहि ज्याला नको, त्याची हौस आम्ही निर्दोष म्हणूं शकत नाहीं.

राहिली विक्रीची गोष्ट. आज ना उद्यां ही गाडी पुन्हां दुसऱ्याच्या हातीं जाईल, मग आपण ती विको वा आपल्यामागें मुलगा विको. लांबीखाली गंज कोठें आहे, कोणता सुटा भाग कोठल्या गाडीचा बसविला आहे, ब्रेकचें तेल शेवटचें केव्हां बदललें, हें ज्या मिस्त्रीला ठाऊक असतें तो बहुधा साठी ओलांडलेला असतो आणि त्याच्या हाताखालीं शिकणारा मुलगा मोबाइलच्या दुकानांत गेलेला असतो. म्हणून दोन रुपये कमी करण्यासाठीं त्याच्याशीं घासाघीस करण्यापेक्षां त्याच्याजवळ बसावें, तो काय करतो तें विचारावें आणि एका साध्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें. वही गाडीच्या कप्प्यांत राहूं द्यावी. गाडी जाईल तेव्हां तिच्याबरोबर तीहि जावी, आणि गंजाचें पान तिच्यांतून फाडलेलें नसावें.